क्लेम गाडीचा, भाडं कोणाचं?

सकाळी ८. रात्री कसारा घाटात पाऊस आणि धुकं होतं, तेव्हा चहाआधी फोन वाजणार हे ठरलेलंच. मी कुठल्या विमा कंपनीचा नोकर नाही, परवानाधारक मोटार सर्वेअर आहे. क्लेम 50 हजारांच्या वर गेला की नुकसान मोजायला आमच्यातलाच कोणीतरी लागतो. फोनवरचे गृहस्थ नाशिकच्या इंदिरानगरला राहतात, सिन्नरला कारखान्यात जातात. "साहेब, गाडी बघायला कधी येताय?" आणि पाठोपाठ, "तोवर मी कामावर जाऊ कशाने? भाड्याच्या गाडीचे पैसे मिळतात ना?" म्हटलं, पॉलिसीचे सगळे कागद पाठवा, नुसतं पहिलं पान नको.

९:३०. अंबडचं बॉडीशॉप. बंपर, हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर. फोटो काढले, चासी नंबर ताडून पाहिला, आरसी आणि लायसन बघितलं. घसारा माफ करणारं 'झिरो डेप' कव्हर नसेल तर प्लॅस्टिक-रबरावर 50 टक्के घसारा, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. त्याउपर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये मालकाने सोसायचेच. हे लोकांना आता पाठ झालंय.

११. गृहस्थ स्वतःच आले, रिक्षाने, वैतागून. त्यांच्यासमोर पॉलिसी उघडली. अपवादांच्या यादीत पहिल्याच ओळींत 'परिणामी नुकसान' येतं. पत्रा, काच, रंग भरून मिळतो. गाडी ओढून आणायला साध्या पॉलिसीत 1,500 रुपयांपर्यंत मिळतात. पण गाडी नाही म्हणून तुम्ही जी कॅब केली, तो खर्च अपघाताचा नव्हे, अपघाताच्या परिणामाचा. गोदाकाठी पाणी चढतं तेव्हा हेच कलम दुसऱ्या रूपात भेटतं. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडेपर्यंत गाडी तिथेच ठेवली, पाण्यातच सेल्फ मारला आणि इंजिन बसलं, की तेही परिणामीच धरतात; इंजिनाचं वेगळं कव्हर असेल तरच निभाव लागतो.

"मग भाड्यासाठी काहीच नसतं?" असतं. त्याला कोणी डेली अलाउन्स म्हणतं, कोणी लॉस ऑफ यूज. हप्त्यासोबत थोडे जास्त पैसे भरून घ्यायचं ॲड-ऑन. यांच्या पॉलिसीत ते नव्हतंच. एजंटाने विचारलं होतं म्हणे, यांनीच "फालतू खर्च" म्हणून काढायला लावलं.

मी त्यांना आकडे मांडून दाखवले. समजा रोजचे 1,000 रुपये ठरलेत, गाडी 12 दिवस गॅरेजात. बहुतेक पॉलिसींत पहिले दोन-तीन दिवस मोजत नाहीत आणि वरची मर्यादा 10 किंवा 15 दिवसांची असते. तीन वजा केले तर 9,000. इंदिरानगर ते सिन्नर रोज जाऊन-येऊन कॅब केली तर एवढ्यात भागणार नाही, पण निदान हातभार लागतो. काही कंपन्या ठरलेली रक्कम देतात, काही बिल मागतात. मुळात दुरुस्तीचा क्लेमच नामंजूर झाला तर भत्ताही गेला. माझं मत विचाराल तर घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर असेल आणि ऑफिस कॉलेज रोडवर असेल तर हे घेऊ नका. रोज सिन्नर किंवा ओझर गाठायचं असेल तर जरूर घ्या.

२. डबा. त्यातही त्याच गृहस्थांचा फोन: मावसभाऊ स्वतःची गाडी भाड्याने द्यायला तयार आहे, चालेल का? नको. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं-घेणं खासगी पॉलिसीच्या अटींबाहेरचं. उद्या तिला काही झालं की दोन्ही घरांत भांडण. सेल्फ-ड्राइव्हच घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा: तुमची पॉलिसी तुमच्या गाडीला चिकटलेली आहे, तुम्हाला नाही. भाड्याच्या गाडीला ओरखडा आला तर त्या गाडीचा विमा आणि तुम्ही सही केलेला करार बघायचा. अमेरिकेत मुलगा असलेले काका यावर हमखास वाद घालतात, कारण तिथे स्वतःच्या विम्याचं संरक्षण बऱ्याचदा भाड्याच्या गाडीलाही मिळतं, आणि चूक समोरच्याची असेल तर त्याच्या कंपनीकडून भाडंही मागता येतं. आपल्याकडे समोरच्याकडून वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढा. आठवडाभराच्या कॅबसाठी ती चढलेलं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

४:३०. दुसरं वर्कशॉप, द्वारका चौकाच्या गर्दीतून. इथल्या बाईंकडे ॲड-ऑन आहे, तरीही तक्रार आहे. हेडलाइटची वाट बघत गाडी नुसती उभी, आणि त्यांच्या पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे सुट्या भागांच्या उशिराचे दिवस भत्त्यात धरत नाहीत. "ताई, जॉब कार्डवर गाडी कधी घेतली, काम कधी सुरू झालं, कधी संपलं, सगळ्या तारखा लिहून घ्या." त्यांनी तिथेच मॅनेजरला गाठलं. कंपनीने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही तर नाशिककरांना विमा लोकपाल पुण्याला आहे. पैसे न मोजता तक्रार करता येते.

७. रिपोर्ट. सुटे भाग, मजुरी, घसारा, सॅल्व्हेज. भाड्याचा रकाना माझ्या फॉर्मात नाही. इंदिरानगरवाल्यांचा मेसेज आलाय: ॲड-ऑन आज घेतलं तर या क्लेमला लागू होईल का? नाही, नूतनीकरणाच्या वेळी घ्या. त्यांची पॉलिसी पुढच्या महिन्यात संपते, ती तारीखही कळवली.