पासिंग, मीटर आणि भरवसा : वापरलेल्या लहान मोटारीविषयीचे गैरसमज

नागपूरच्या इतवारीत सराफा, किराणा, कापड आणि धान्य यांचे ठोक व्यवहार दाटीवाटीच्या गल्ल्यांतून चालतात, त्यामुळे घराच्या किंवा दुकानाच्या दारापर्यंत नेण्यास लहान मोटारच सोयीची पडते, आणि अनेक कुटुंबांत येणारी पहिली मोटार वापरलेलीच असते. अशी मोटार पारखताना ग्राहक बहुधा पासिंगची तारीख, मीटरवरील किलोमीटर आणि चालू पीयूसी एवढ्यावर विसंबतो. मोटार आज रस्त्यावर आणण्यायोग्य आहे का आणि पुढील काही वर्षे ती भरवशाची राहील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वरील तिन्ही गोष्टींतून त्यांपैकी एकाचेही पुरते उत्तर मिळत नाही.

पंधरा वर्षे झाली की मोटार कायद्याने भंगारात जाते, हा सर्वांत रूढ समज आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 नुसार खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते, आणि त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयातील तपासणीत मोटार योग्य ठरल्यास नोंदणीचे आणखी 5 वर्षांसाठी नूतनीकरण होते. बोलीभाषेत यालाच पुन्हा पासिंग करणे म्हणतात. 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 रोजी जी बंदी कायम केली, ती दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती होती आणि नागपूरच्या वाहनांशी तिचा संबंध नव्हता. नागपूरचेच खासदार असलेले नितीन गडकरी यांनी मार्च 2021 मध्ये लोकसभेत मांडलेले वाहन मोडीत काढण्याचे धोरणही वयापेक्षा योग्यतेच्या चाचणीवर उभे आहे. बदलला आहे तो खर्च : मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले, 20 वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये करण्यात आले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

पुनर्पासिंगला मोटार अडते ती इंजिनामुळेच, हाही समज वस्तुस्थितीला धरून नाही, कारण निरीक्षकाचे लक्ष प्रथम दिवे, ब्रेक, टायर, स्टिअरिंग, वायपर, आरसे, सीटबेल्ट आणि नंबरप्लेट यांकडे जाते. हेडलाइटची पुढची काच पुष्कळदा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. विदर्भाच्या उन्हात ती पिवळी व धुरकट होते, आणि मग चालू बल्ब असूनही प्रकाश पुरेसा पडत नाही. टायरच्या बाबतीत खोबणीची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते, आणि ती मर्यादा दाखवणारे उंचवटे खोबणीतच असतात. ते पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलणे आवश्यक ठरते. परंतु खोबणी खोल आहे म्हणून टायर चांगला, असेही नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात उभ्या मोटारीचेही रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात, म्हणून बाजूच्या भिंतीवरील चार आकडी शिक्का पाहावा. 2319 याचा अर्थ 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. लहान मोटारींच्या मागच्या चाकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. त्यांतील व्हील सिलिंडर गळू लागला किंवा हँडब्रेकची केबल ताणली गेली, तर चालकाला रोजच्या संथ वाहतुकीत ते जाणवतही नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि दीर्घ उतारावर ब्रेक मऊ पडतात. हे तेल साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे लागते. काचांवरील काळ्या फिल्मवर मात्र, ती कितीही फिकट असली तरी, सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालाने बंदी घातली होती.

कमी चाललेली मोटार म्हणजे कमी झिजलेली मोटार, हा समज इतवारीत विशेष महागात पडतो. ताशी सरासरी 12 किलोमीटर वेगाने 40,000 किलोमीटर चाललेल्या मोटारीचे इंजिन सुमारे 3,300 तास फिरलेले असते, तर तेवढेच अंतर महामार्गावर ताशी 60 च्या सरासरीने कापणाऱ्या मोटारीचे इंजिन जेमतेम 670 तास. मीटर दोघींचा आकडा सारखाच दाखवतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हातगाड्या आणि रिक्षांच्या मागे सरकणाऱ्या मोटारीत क्लच प्लेट, इंजिन ऑइल, बॅटरी आणि रेडिएटरचा पंखा यांवर खरा ताण येतो. शिवाय मीटरचा आकडा बदलता येतो, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी, पेडलचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड यांच्याशी तो ताडून पाहणे आवश्यक आहे. काही भाग तर किलोमीटरइतकेच वर्षांनीही जुने होतात. मारुतीच्या 796 सीसी इंजिनात कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी रबरी टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, तर त्याच कंपनीच्या पुढील के-सीरिज इंजिनांत त्याऐवजी धातूची साखळी आहे. बेल्ट कधी बदलला याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा धरणेच योग्य. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि बाहेरून बसवलेल्या किटची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, असावी लागते. गंजाच्या बाबतीत विदर्भातील कोरडी हवा उपकारक आहे. म्हणूनच कोकण किंवा मुंबईहून आणलेली मोटार खालून, विशेषतः दाराखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शनचे जोड, नीट पाहावी.

पीयूसी म्हणजे केवळ त्या क्षणी नळीतून निघणाऱ्या धुराचे मोजमाप होय. भारत स्टेज-4 पेट्रोल मोटारीसाठी इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. ती ओलांडली गेल्यास कारण बहुधा ऑक्सिजन सेन्सर, स्पार्क प्लग किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. ब्रेक वा टायर यांविषयी हे प्रमाणपत्र काहीही सांगत नाही.

सर्वांत घातक समज कागदांविषयीचा आहे : पैसे दिले, चावी घेतली आणि विक्रीच्या करारावर सह्या झाल्या की मालकी बदलली. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे. 6 फेब्रुवारी 2018 रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मोटार पुढे कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तेव्हा विकणाऱ्याने नमुना 29 आणि घेणाऱ्याने नमुना 30 दाखल करावा, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद तपासावी, विमा नव्या नावावर करून घ्यावा, आणि आरसीवर नवे नाव येईपर्यंत दोघांनीही हा व्यवहार अपुराच समजावा.