मदत टिकते कशामुळे? : गांधीलमाशीच्या पोळ्यापासून फडपद्धतीपर्यंत

प्रस्तावना

मनुष्य मुळात स्वार्थी की परोपकारी, या विषयावर आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धा होतात, परिसंवाद भरतात, आणि प्रत्येक वक्ता आपल्याला सोयीचे प्राणी उदाहरणादाखल निवडतो. एकाला मुंगी आठवते, दुसऱ्याला लांडगा. जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास ही मांडणीच फारशी उपयोगाची नाही. खरा प्रश्न असा आहे : मदत करणाऱ्याला स्वतःचे काहीतरी खर्च करावे लागते, अन्न, वेळ, श्रम, प्रसंगी प्राणही. मग अशी पदरमोड करणारी वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते ती कशाच्या बळावर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श प्रथम प्राणिसृष्टीच्या व नंतर महाराष्ट्रातील दोन-तीन कृषिप्रथांच्या आधारे घेतला आहे.

समूहहिताचे सोपे उत्तर

डार्विन यांना या अडचणीची पूर्ण जाणीव होती. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वंध्य कामकरी कीटकांचा प्रश्न स्वतःच्या सिद्धान्तापुढील गंभीर अडचण म्हणून मांडला. ज्यांना संततीच होत नाही, त्यांचे गुण पुढे जातात कसे? पुढे १९०२ मध्ये रशियन विचारवंत क्रोपोत्किन यांनी सैबेरियातील निरीक्षणांच्या आधारे परस्परसाहाय्य हेही उत्क्रांतीचे एक महत्त्वाचे अंग असल्याचे प्रतिपादन केले. निरीक्षण मोलाचे होते. यंत्रणा मात्र स्पष्ट झाली नव्हती.

बराच काळ 'समूहाच्या हितासाठी' एवढेच उत्तर दिले जात असे. १९६२ मध्ये विन-एडवर्ड्‌स यांनी ते विस्ताराने मांडले, आणि १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी त्याची कठोर चिकित्सा केली. अडचण साधी आहे. दहा जण राबत असतील आणि अकरावा नुसताच जेवत असेल, तर अकराव्याची प्रजा अधिक वाढेल. काही पिढ्यांत फुकट्यांचेच राज्य होईल. सहकार्याविषयीच्या कोणत्याही स्पष्टीकरणाला या फुकट्याचा हिशोब द्यावाच लागतो.

नात्याचा हिशोब आणि त्याची मर्यादा

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी एक सूत्र दिले. मदत घेणाऱ्याला होणारा लाभ आणि दोघांमधील आनुवंशिक नाते यांचा गुणाकार मदत करणाऱ्याच्या हानीपेक्षा अधिक भरला, तर मदतीची वृत्ती पसरू शकते. सख्ख्या भावंडांत हे नाते सरासरी निम्मे, चुलत भावंडांत एक-अष्टमांश. (ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी त्यापूर्वीच गमतीने बोलून दाखवली होती. १९५७ मध्ये भारतात येऊन येथील नागरिकत्व स्वीकारलेले हाल्डेन १९६४ मध्येच भुवनेश्वर येथे निवर्तले.) मधमाश्या, मुंग्या व गांधीलमाश्यांमध्ये नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्यामुळे राणीचा जोडीदार एकच असल्यास सख्ख्या बहिणींतील नाते तीन-चतुर्थांश भरते, म्हणजे स्वतःच्या मुलीशी असणाऱ्या नात्याहूनही अधिक. कामकरी माशीच्या त्यागाचे कोडे सुटले, असे अनेकांना वाटले.

येथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांच्या कार्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या 'रोपालिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. या जातीत राणी व कामकरी यांच्या शरीररचनेत उघड भेद नाही. राणी गेली की कामकऱ्यांतीलच एक तिची जागा घेते. म्हणजे येथे कामकरी असणे ही जन्मजात सक्ती नाही. शिवाय राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते व राण्याही बदलत राहतात. परिणामी पोळ्यातील माश्यांचे परस्परांशी नाते तीन-चतुर्थांशाच्या कितीतरी खाली येते. तरीही बहुतेक माश्या एकटीने घर थाटण्याऐवजी दुसरीच्या पिलांसाठी राबतात. कारण एकटी माशी पिले वाढण्यापूर्वी मेली तर तिचे सर्व श्रम वाया जातात. समूहात मात्र तिने अर्धवट सोडलेले काम दुसरी पूर्ण करते. नात्याचे गणित खोटे नाही, पण ते एकटे पुरे पडत नाही. वाळवीमध्ये तर नर-मादी दोघेही फलित अंड्यातूनच जन्मतात, आणि तरीही तिचे वारूळ उभे राहते.

ओळख, स्मरण, परतफेड

नाते नसतानाही मदत होते, याचे स्पष्टीकरण रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीच्या तत्त्वाने केले. या संदर्भात रक्तपिपासू वटवाघळांचा अभ्यास उद्‌बोधक आहे. लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त न मिळाल्यास हे वटवाघूळ मरते. मात्र पोट भरलेले सोबती उपाशी वटवाघळाला रक्त ओकून पाजतात. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये कोस्टारिकातील ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे २०१३ च्या संशोधनात असे दिसून आले की कोण कोणाला पाजते, हे नात्यापेक्षा पूर्वी कोणी पाजले होते यावरून अधिक चांगले सांगता येते. २०२० च्या संशोधनाने आणखी एक दुवा जोडला : अनोळखी वटवाघळे प्रथम एकमेकांचे अंग साफ करतात, रक्त देण्यापर्यंत मजल नंतर जाते. थोडे देऊन पाहावे, मग विश्वास वाढवावा, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे.

सर्वच सहकार्यात त्याग असतो असेही नाही. ताडोबा किंवा पेंचच्या जंगलात वानरांच्या झाडाखाली चितळ चरताना दिसतात. वरून पडणारा पाला त्यांना मिळतो आणि दोघेही एकमेकांच्या इशाऱ्याने सावध होतात. येथे कोणी कोणावर उपकार करत नाही.

इर्जिक, सावड आणि फड

मनुष्याच्या बाबतीत भाषा व लौकिक यांची भर पडते. ज्याने मदत घेतली आणि परत केली नाही, त्याची वार्ता गावभर होते. मराठी कृषिजीवनाने मदतीचे हिशोब शब्दांनिशी वेगळे ठेवले आहेत, ही बाब आपल्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी असे वाटते. सावडीत बैल किंवा माणूसबळ पाळीपाळीने फिरते. आज माझ्या शेतात, उद्या तुमच्या. हा ट्रिव्हर्स यांनी सांगितलेला परतफेडीचा व्यवहारच होय. इर्जिकीत मात्र शेजारी आपापली औते घेऊन येतात, एका दिवसात शेत नांगरून देतात आणि यजमान सर्वांना जेवू घालतो. येथे दिवसास दिवस असा चोख हिशोब नसतो. गावातील पत हेच चलन असते.

फुकट्याला शिक्षा करण्यासाठी मनुष्य स्वतःचे पैसेही मोजतो. अर्न्स्ट फेर व सायमन गेश्टर यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुन्हा कधीच एकत्र न येणाऱ्या सहभागींनीही स्वतःला तोशीस लावून फुकट्यांना दंड केला, आणि दंडाची सोय असताना सर्वांची वर्गणी वाढली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात कुरणे व कालवे यांसारखी सामाईक साधने जपणाऱ्या गावांची तपासणी करून हीच बाब संस्थात्मक पातळीवर दाखवली. सदस्य कोण हे निश्चित असावे, देखरेख करणारा लाभधारकांना उत्तरदायी असावा आणि दंड अपराधाच्या प्रमाणात चढत जावा, हे त्यांना आढळलेले काही समान दुवे होत. या कार्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवरील फडपद्धतीत हे दुवे शतकांपूर्वीपासून आढळतात. बंधाऱ्याखालील जमीन मोठ्या फडांत विभागलेली असते आणि एका फडात शक्यतो एकच पीक घेतले जाते. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. ते पाटकरी देतो, त्यामुळे पाटाच्या तोंडाशी असणाऱ्याला हात मारता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच शेतकऱ्याची जमीन अनेकदा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. टंचाईच्या वर्षी एक फड कोरडा सोडावा लागला, तर तोटा सर्वांच्या वाट्याला येतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याविषयी कळवळा असो वा नसो, आपलीही एक पट्टी तेथेच असते.

ही पद्धती आज पूर्वीच्या जोमाने चालत नाही. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरी वाढल्या. ज्याच्या बांधावर स्वतःची मोटार आहे, त्याला पाटकऱ्याच्या पाळीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. यात गावकऱ्यांची नीती खालावली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकमेकांवाचून अडणे कमी झाले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. नांगरणीची इर्जिकही ट्रॅक्टर आल्यावर बहुतेक ठिकाणी मोडली. भातलावणीची सावड मात्र कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक गावांत अद्याप चालते, कारण पावसाने दिलेल्या मोजक्या दिवसांत लावणी उरकायची तर एका घरचे हात पुरत नाहीत.