युरिया बागेत टाकला, पण गेला कुठे? यावलच्या ट्यूबवेलपासून तापीच्या मुखापर्यंत नत्राचा प्रवास

यावल : केळीच्या एका खोडाला साधारण २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. पाच बाय पाच फुटांवर लागवड असली तर एकरात सतराशे-साडेसतराशे खोडं बसतात. म्हणजे एकरी जवळपास ३५० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून ४५ किलोच्या गोणीत ते २०.७ किलो भरतं. नुसत्या युरियावर भागवायचं म्हटलं तर एकरी १७ गोण्या झाल्या. हे सगळं काही घडात उतरत नाही, हे कोणताही बागायतदार सांगेल. मग उरलेलं जातं कुठे?

काही तर डोळ्यादेखत उडून जातं. ओल्या जमिनीवर युरिया उघडा टाकला की त्याचा अमोनिया होतो आणि हवेत निघून जातो. मातीत मिसळलेल्या युरियाचं अमोनियम होतं. ते काळ्या मातीला चिकटून राहतं, इथपर्यंत ठीक. पण मातीतले जिवाणू काही दिवसांत त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. मोकळं पाणी भरलं किंवा मोठा पाऊस झाला की मुळांच्या खाली उतरतं, नाहीतर नाल्याने तापीत जातं.

निसर्गाकडे याच्यावर इलाज आहे, आणि तो चिखलात आहे. नदीच्या तळाच्या गाळात वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली हवा नसते. तिथले जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. त्यातून नत्रवायू तयार होतो आणि हवेत परत जातो. हवेत तसंही ७८ टक्के नत्रवायूच असतो, त्यामुळे हिशेब फिटला. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, उकाई अशा अडवलेल्या पाण्याच्या तळाशी हे काम होऊ शकतं. पुढे सुरतजवळ, जिथे भरती-ओहोटीने नदीत खारं पाणी शिरतं, त्या खाडीच्या गाळात ते आणखी जोरात चालतं.

पण चिखल प्रत्येक वेळी उपकारच करतो असं नाही. गोव्यात मांडवीकाठचं दिवार आणि शापोरा नदीवरचं तुये इथल्या खारफुटीच्या गाळाचा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला. तिथे बरंचसं नायट्रेट वायू होऊन जाण्याऐवजी पुन्हा अमोनियम होत असल्याचं दिसलं. म्हणजे नत्र गाळातच फिरत राहतं. खारफुटीला ते खत म्हणून कामी येतं. पण जिथे आधीच नत्र जास्त झालंय तिथे ते कमी होत नाही. शिवाय काम अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. तापमान वाढवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी ऑक्सिजन संपतो आणि हा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो, हे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली जगासमोर मांडलं. ऑक्सिजन कमी होणं मुळात नैसर्गिक आहे, मात्र जमिनीवरून येणाऱ्या खताने त्यात भर पडत असावी, असं त्यांचं म्हणणं.

समुद्र लांब आहे, ट्यूबवेल मात्र घरची आहे. खरी अडचण इथेच. चिखलातल्या जिवाणूंना नायट्रेट फोडायला पालापाचोळा, शेणासारखं सेंद्रिय खाद्य लागतं. शे-दोनशे फूट खोल पाण्यात ते जवळपास नसतं. त्यामुळे खाली उतरलेलं नायट्रेट तिथेच वर्षानुवर्षं राहतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत जळगावचं नाव आहे. शेजारचं बुलढाणाही आहे. (दोष एकट्या युरियाचा नाही. उघडे उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डेही त्यात आहेत.)

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर एका गोणीतलं सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं, तर वीस लाख लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेपर्यंत पोचतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेली दूधपावडर दिली तर रक्त ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. बऱ्याच घरांत अजून एक समज आहे: पाणी उकळलं की झालं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, टीसीएल, साधा कॅन्डल फिल्टर यांचाही उपयोग नाही. आरओने ते बरंच कमी होतं.

नायट्रेटला रंग, वास, चव काही नसते, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं तपासणी किट असेल तर त्यात प्राथमिक अंदाज येतो. पक्का आकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून मिळतो. नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा द्यावा. मृगबाग असो की कांदेबाग, युरियाचा डोस ठिबकमधून थोडा थोडा सोडला आणि आभाळ भरून आलेलं असताना हात आवरला, तर नत्र मुळांजवळ जास्त दिवस राहतं आणि गोण्याही कमी लागतात.