समुद्राने नेलेलं गाव आणि मागे उरलेली ग्रामसभा

इंग्लंडचा राजा विल्यम याने 1086 मध्ये आपल्या राज्याची गावोगाव मोजणी करून घेतली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दप्तरात पूर्व किनाऱ्यावरच्या सफोक परगण्यातल्या डनिच गावाची नोंद आहे. गावाने द्यायच्या वार्षिक देण्यात 68 हजार हेरिंग मासे होते. वीस वर्षांपूर्वी गावात एक चर्च होतं, मोजणीच्या वेळी तीन झाली होती. त्याच नोंदीत पुढे म्हटलं आहे, की इथे पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकाचीच आहे. दुसरी समुद्राने नेली. एक नांगर म्हणजे आठ बैलांच्या जोताला वर्षभर पुरेल एवढी शेती. डनिचचा पुढचा सारा इतिहास या एका ओळीत आला आहे.

आज डनिच हे दीड-दोनशे वस्तीचं खेडं आहे. गोट्यांचा किनारा, एक चर्च, एक छोटं संग्रहालय, उत्तरेला पाणथळ कुरणं आणि दक्षिणेला जांभळ्या फुलांच्या हेदर झुडपांचा माळ. तेराव्या शतकात मात्र हे इंग्लंडच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. 1199 मध्ये राजा जॉनने गावाला सनद दिली, तेव्हापासून आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क त्याला मिळाला.

वाळूचा कडा आणि सरकणारे गोटे

डनिच बुडालं म्हणतात, पण ते एका रात्रीत बुडालेलं नाही. ते कापलं गेलं. इथला कडा कातळाचा नाही, वाळू आणि बारीक खडीचा आहे. वादळात लाटा कड्याचा पायथा पोखरतात आणि वरची जमीन ढासळते. काही दशकं शांततेत जातात आणि मग एकाच हिवाळ्यात रस्ताच्या रस्ता नाहीसा होतो.

घरं जाण्याच्या बरोबरीने बंदरही गेलं. ईशान्येच्या लाटा किनाऱ्यावरचे गोटे दक्षिणेकडे ढकलत राहतात. त्यातून नदीच्या मुखाशी गोट्यांचा लांबट दांडा वाढत गेला. 1286-87 च्या हिवाळ्यातल्या वादळांनी गावाचा मोठा भाग नेला. 1328 च्या वादळात नदीचं मुख बुजलं आणि तिने उत्तरेला वॉल्बर्सविकच्या बाजूला नवी वाट काढली. जहाजं तिकडे वळली, जकात गेली, माणसं गेली. 1347 मध्ये सुमारे चारशे घरं समुद्राने घेतली. गावाची कमाई बंदरावर होती. बंदर बुजल्यावर पडझड सावरायला पैसाच उरला नाही.

त्या काळी पॅरिश म्हणजे एका चर्चच्या छायेतली वस्ती. बाप्तिस्मा, लग्न, दफन, दशमांशाची वसुली सगळं तिथेच होई. 1601 च्या कायद्याने गरिबांच्या पोटापाण्याची जबाबदारीही पॅरिशवर टाकली. डनिचमध्ये अशा अनेक पॅरिश होत्या. समुद्राने एकेक चर्च घेतलं, तशी एकेक पॅरिश संपत गेली. सर्वांत शेवटी राहिलं ऑल सेंट्स चर्च. अठराव्या शतकात तिथली उपासना थांबली, 1904 मध्ये कडा त्याच्या भिंतींपर्यंत आला आणि 1919 मध्ये मनोऱ्याचा उरलेला भाग खाली गेला. त्याचा एक आधारखांब लोकांनी हलवून गावातल्या आजच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा केला. तो आजही तिथे आहे.

गाव गेलं, जागा राहिल्या

1298 पासून डनिचमधून पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी जात. घरं गेली, बाजार गेला, बंदर गेलं. त्या दोन जागा मात्र जशाच्या तशा राहिल्या. हक्क नगराच्या नावाने होता, घरांच्या संख्येवर नव्हता. मत देण्याचा अधिकार नगराच्या ‘फ्रीमेन’ नागरिकांना होता. अखेरीस असे मतदार 32 उरले. बार्न आणि व्हॅनेक या दोन जमीनदार घराण्यांनी एकेक जागा आपसांत वाटून घेतली होती. त्याच काळात मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या मोठ्या शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता.

इंग्रजीत अशा मतदारसंघांना ‘सडके बरो’ म्हणत आणि डनिचचं नाव त्यांत नेहमी पुढे असे. 1832 च्या सुधारणा कायद्याने दोन्ही जागा रद्द केल्या. नगरपालिका 1886 पर्यंत टिकली. ती विसर्जित झाल्यावर उरलेली मिळकत गावाच्या न्यासाकडे आली. डनिच कागदावरही खेडं झालं. समुद्राने जे केव्हाच सांगितलं होतं, ते दप्तराने मान्य करायला पाचशे वर्षं घेतली.

सगळे मिळून एका खोलीत

1894 च्या कायद्याने इंग्लंडच्या खेड्यांचा कारभार चर्चपासून वेगळा केला. चर्चची पॅरिश वेगळी आणि मुलकी पॅरिश वेगळी झाली. मोठ्या गावांना निवडून आलेली पॅरिश कौन्सिल मिळाली. डनिचला अशी कौन्सिल नाही, पॅरिश सभा आहे. म्हणजे गावचा प्रत्येक मतदार हाच सभासद. वर्षातून किमान दोनदा सभा भरते, अध्यक्ष सभाच निवडते, आणि गरज पडली तर घरपट्टीतून गावापुरता थोडा निधी उभा करता येतो. आपल्या ग्रामसभेशी तिचं जवळचं नातं वाटतं. फरक एवढा, की तिच्या वर ग्रामपंचायत नाही. सभा हीच गावपातळीची शेवटची पायरी.

तिचे अधिकार मर्यादित आहेत. शाळा आणि रस्ते सफोक काउंटी कौन्सिलकडे. बांधकाम परवानगी आणि किनाऱ्याचं संरक्षण ईस्ट सफोक जिल्हा कौन्सिलकडे. पुराचा बंदोबस्त पर्यावरण खात्याच्या यंत्रणेकडे. कुठे किनारा धरून ठेवायचा आणि कुठे समुद्राला वाट द्यायची, हे वरचे आराखडे ठरवतात. कड्याबरोबर घर गेलं, तर कायद्याने नुकसानभरपाई मिळत नाही. म्हणूनच मूठभर माणसांनी एकत्र बसून आपलं म्हणणं ठरवणं आणि ते वर पोचवणं याला मोल आहे.

या गावाने आपली आठवणही जपली आहे. 1587 मध्ये राल्फ अ‍ॅगस याने काढलेला नकाशा हाताशी होता. तो समोर ठेवून साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड सिअर यांच्या चमूने ध्वनिलहरींनी समुद्रतळ पाहिला. तिथलं पाणी इतकं गढूळ, की पाणबुड्याला हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. तरी चर्चचे अवशेष कुठे पडले आहेत ते त्या लहरींनी दाखवलं. वादळी रात्री समुद्राखालून घंटा ऐकू येतात ही दंतकथा. तळाशी चर्चचे दगड आहेत ही वस्तुस्थिती.

डनिचची किनारपट्टी वाचवणं कुणाला जमलं असतं का, याबद्दल मतभेद असतील. कारभाराबद्दलचा धडा मात्र स्पष्ट आहे. पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी असतानाही या गावाचं कुणी ऐकत नव्हतं, कारण ते प्रतिनिधी गावाचे नव्हतेच. आज त्याच्याकडे सनद नाही, बंदर नाही, कौन्सिलही नाही. पण गावात राहणाऱ्या प्रत्येक मतदाराला सभेत बोलता येतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांनाही तोच हक्क कायद्याने दिला आहे. आपल्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा, किनारा गेल्या दहा वर्षांत किती आत आला याची नोंद तिथे मागा, आणि ती नसेल तर तुमच्यापासून सुरू करा.