गच्चीवरचा सरकता मांडव

उघड्यावर बसण्याची सवय मराठी घराला नवी नाही. कोकणातले खळे, देशावरची ओसरी, वाड्याचा चौक, विदर्भात उन्हाळ्याच्या रात्री अंगणात टाकलेल्या खाटा, या साऱ्या जागा घराइतक्याच घरच्या होत्या. त्यांच्यासाठी सावलीची सोयही ऋतूप्रमाणे होत असे. दिवाळीनंतर खळ्यात मांडव पडे आणि पावसाळ्यापूर्वी तो उतरवला जाई. दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागत, बांबूची चिक दुपारी खाली सोडली जाई आणि संध्याकाळी गुंडाळून वर बांधली जाई. सावली ही कायमची बांधायची गोष्ट नसून गरजेप्रमाणे घालायची आणि काढायची गोष्ट आहे, ही समज त्यामागे होती.

शहरातल्या फ्लॅटमध्ये अंगणाची जागा टेरेसने आणि बाल्कनीने घेतली. मांडव मात्र मागेच राहिला. त्यामुळे चांगला दाम मोजून घेतलेली गच्ची मार्चपासून जूनपर्यंत पापड-कुरडया आणि कपडे वाळवण्यापुरती उरते. पत्र्याची किंवा पॉलिकार्बोनेटची शेड घातली, तर थंडीतले हवेसे ऊन आणि रात्रीचे चांदणे दोन्ही जाते, शिवाय पालिकेच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. अलीकडच्या काळात शहरांतून दिसू लागलेली मोटरवर चालणारी ऑनिंग आणि बाहेरच्या बाजूने उतरणारे पडदे, म्हणजे व्यापारी भाषेतले ‘आउटडोअर स्क्रीन’, हे या अडचणीवरचे उत्तर आहे. कल्पना अर्थातच जुनी आहे. रोमच्या कलोसियमवर प्रेक्षकांना सावली मिळावी म्हणून कापडी छत ओढले जाई आणि ते ओढण्यासाठी आरमारातले खलाशी नेमलेले असत. आज ते काम हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची मोटर करते.

ऑनिंगची रचना समजायला अवघड नाही. भिंतीला आडवा बसवलेला एक पोकळ रूळ, त्यावर गुंडाळलेले कापड, कापडाच्या पुढच्या टोकाला ॲल्युमिनियमची आडवी पट्टी आणि ती पट्टी पुढे रेटणारे, कोपरातून दुमडणारे दोन हात, एवढाच हा संसार. हातांमध्ये ताणलेल्या स्प्रिंगा असतात. त्या कापडाला सतत पुढे ओढत असतात, म्हणून उघडलेली ऑनिंग ताठ राहते. मोटर रुळाच्या पोटातच बसते. ती रूळ उलगडते तेव्हा हात आपोआप पुढे जातात आणि रूळ उलटा फिरला की कापड त्यांना मागे खेचते. कुठवर उघडायचे आणि कुठे थांबायचे, याच्या मर्यादा मोटरमध्येच ठरवून ठेवलेल्या असतात. घरगुती वापराची अशी मोटर साध्या सिंगल फेज विजेवर चालते, पण ती सलग चालवण्यासाठी नसते. चारपाच मिनिटे सतत फिरवल्यास ती तापते आणि आतील संरक्षक स्विच तिला बंद करतो. मुलांनी रिमोटशी खेळून झाल्यावर ‘मोटर जळाली’ अशी तक्रार येते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू होते.

खरेदीपूर्वी सर्वाधिक विचार मात्र मोटरचा नव्हे, दिशेचा करायला हवा, आणि नेमकी तिथेच गफलत होते. ऑनिंगचा बराचसा माल, निदान त्याची माहितीपत्रके, युरोपातून येतात. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. पॅरिसमध्ये जूनच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांच्या वर चढत नाही. साहजिकच दक्षिणेकडची ऑनिंग ही तिथली पहिली गरज ठरते. पुणे आणि मुंबई १८ ते १९ अक्षांशांवर आहेत. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. हेच ते ‘शून्य सावलीचे दिवस’. या दोन दिवसांच्या दरम्यान तो दुपारीही उत्तरेकडे कललेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. उन्हाळ्यात घर तापवणारे खरे गुन्हेगार दोन, वरचा स्लॅब आणि पश्चिमेची बाजू.

उघड्या गच्चीवर दुपारी बारा ते तीन या वेळात पुढे सरकणारी ऑनिंग उत्तम काम करते, कारण ऊन वरून येते. पश्चिमेच्या बाल्कनीचा हिशेब वेगळा आहे. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजावर साधारण ४१ अंश, पाच वाजता २७ अंश आणि सहा वाजता अवघा १३ अंश उंच असतो. समजा, पश्चिमेच्या भिंतीवर आठ फूट पुढे येणारी ऑनिंग बसवली आणि तिची पुढची कड जमिनीपासून सात फुटांवर आहे. पाच वाजता तिच्याखालून आत शिरणारे ऊन मागच्या भिंतीवर सुमारे तीन फुटांपर्यंत येते, तर सहा वाजता ते पाच फुटांच्या पुढे जाते. म्हणजे दिवसभराच्या कामानंतर चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांवर! ज्या वेळेसाठी बाल्कनी हवी असते, नेमक्या त्याच वेळी महागडी ऑनिंग निरुपयोगी ठरते. पश्चिमेला हवा तो उभा पडदा. ऑनिंगच हवी असेल, तर तिच्या पुढच्या कडेतून खाली सोडता येईल अशी झालर असलेली घ्यावी.

उभ्या पडद्याचे कापड जाळीदार असते. पॉलिएस्टरच्या किंवा काचतंतूंच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप देऊन ते विणतात आणि त्यात किती जागा मोकळी आहे, ते टक्क्यांत सांगतात. एक, तीन, पाच, दहा टक्के अशा श्रेणी मिळतात. मोकळी जागा कमी तेवढे ऊन कमी, पण वाराही कमी. मुंबईच्या दमट हवेत एक टक्क्याचा पडदा लावून बाल्कनी बंदिस्त केली, तर ऊन अडेल आणि उबाराही कोंडेल. तिथे पाच टक्के किंवा त्याहून मोकळी जाळी बरी. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या, ४५ अंशांच्या उन्हात घट्ट विणीचा पडदा शहाणपणाचा. रंगाची निवडही केवळ हौसेची नाही. गडद जाळीतून बाहेरचे स्पष्ट दिसते आणि डोळे दिपत नाहीत, पण ती स्वतः तापते. फिकट जाळी ऊन परतवते, मात्र संध्याकाळी स्वतःच चकाकते आणि बाहेरचे दृश्य पुसट होते.

हा पडदा काचेच्या बाहेर असणे महत्त्वाचे. ऊन एकदा काचेतून आत आले, की ते आतल्या वस्तूंना तापवते आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून त्याच वाटेने बाहेर पडू शकत नाही. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत ते घरात आलेले असते. खिडकीवर टोपीसारख्या तिरप्या उतरणाऱ्या ऑनिंगमुळे उन्हातून येणारी उष्णता दक्षिणेच्या खिडक्यांत ६५ टक्क्यांपर्यंत, तर पश्चिमेच्या खिडक्यांत ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नमूद केले आहे. आकडे तिथल्या सूर्याचे आहेत; तत्त्व मात्र इथेही तेच. वाळ्याचा पडदा दाराच्या बाहेर बांधणाऱ्यांना ते आकडेवारीशिवाय ठाऊक होते.

आता वाऱ्याविषयी. विक्रेत्याच्या बोलण्यात हा विषय शेवटी येतो. तो पहिला यायला हवा. उघडी ऑनिंग म्हणजे भिंतीला बांधलेले शीड. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका दाब देतो. चार मीटर रुंद आणि तीन मीटर पुढे आलेल्या ऑनिंगवर असा वारा सरळ आदळला, तर तो भार १४० किलोंच्या आसपास जातो आणि तो पडतो भिंतीतल्या मोजक्या बोल्टांवर, तेही तरफेच्या न्यायाने कितीतरी पट होऊन. युरोपीय मानकात ऑनिंगच्या वारा सोसण्याच्या श्रेणी ठरवलेल्या आहेत. पहिली श्रेणी ताशी २८, दुसरी ३८ आणि तिसरी ४९ किलोमीटरपर्यंत. आपल्याकडे इमारतींच्या आराखड्यासाठी भारतीय मानकाने धरलेला वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, तर पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आहे. दोन्हींतली तफावत पुरेशी बोलकी आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले होते. अशा वाऱ्यात कोणतीही सरकती ऑनिंग उघडी ठेवायची नसते. ती मिटलेली असणे हेच तिचे संरक्षण.

चक्रीवादळाची सूचना निदान आधी मिळते. खरा धोका आहे वळवाचा. एप्रिल-मेची तीच तापलेली, पान न हलणारी दुपार, जेव्हा ऑनिंग हमखास उघडी असते. आणि मग अचानक ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो आणि पहिल्या झोतातच वीज जाते. मोटरवरची ऑनिंग मिटायला पाऊण ते एक मिनिट लागते. वीज गेल्यावर ते मिनिटही मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावर आजोबा एकटे घरी आहेत, रिमोटचे बटण दाबूनही काही हलत नाही आणि पन्नास-साठ किलोंचा सांगाडा खालच्या रस्त्यावर डोलतो आहे, हे चित्र कोणत्याही जाहिरातीत नसते.

यावर उपाय आहेत, पण ते मागणी नोंदवतानाच सांगावे लागतात. हाताने फिरवायच्या दांड्याची सोय असलेली मोटर वेगळी असते. नंतर ती जोड देता येत नाही. दांडा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला फिरवता येतो का, हे बसवणाऱ्यासमोरच करून पाहावे. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ऑनिंगची जोडणी त्यावर घ्यावी. काही मिनिटांपुरता भार त्याला सहज पेलतो. वारा ओळखणारा सेन्सर दोन प्रकारचा असतो. एक फिरत्या वाट्यांचा, तो वाऱ्याचा वेग मोजतो. दुसरा पुढच्या पट्टीवर चिकटवायचा, तो पट्टीची थरथर ओळखतो. गच्चीवर, जिथे वारा कोपऱ्यावरून वळून येतो, तिथे दुसरा अधिक भरवशाचा, कारण तो प्रत्यक्ष ऑनिंगला काय सोसावे लागते तेच पाहतो. उन्हाचा सेन्सर मात्र सक्तीचा नाही. घरी कोणी नसताना ऑनिंग आपोआप उघडावी ही सोय आकर्षक वाटते, परंतु वळवाच्या दिवसांत रिकाम्या घराची ऑनिंग उघडी असणे हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे.

बोल्ट कशात बसतात, हेही तितकेच महत्त्वाचे. आरसीसी तुळई किंवा स्लॅबची कड, एवढ्याच जागा विश्वासाच्या. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा फासनर धरतच नाही. गिलाव्याखाली काय आहे ते छिद्र पाडून पाहिल्याशिवाय कोणी मापे घेऊन दर सांगू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. उंच इमारतीत आठव्या-दहाव्या मजल्याच्या वर पुढे येणारी ऑनिंग बसवूच नये. तिथे दोन्ही कडांना चेन शिवून, बाजूच्या खाचांत अडकवलेला ‘झिप’ पडदा बरा, कारण त्याची कड सुटी नसते आणि वाऱ्यात तो फडफडत नाही.

पावसाचे गणित सोपे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. ऑनिंगचा उतार साधारण १४ अंशांहून कमी असेल, तर कापडाच्या मध्यभागी पाणी साचू लागते. बारा चौरस मीटरच्या कापडावर दहा मिलिमीटर पाऊस साचून राहिला, तर १२० किलोंची पखाल तयार होते आणि हात कायमचे वाकतात. वरून टपटपणारी रिमझिम झेलायला ऑनिंग चालेल, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती मिटलेलीच असावी. ओले कापड गुंडाळावेच लागले, तर पहिल्या उघाडीत उलगडून वाळवावे. रंगीत धाग्यापासून विणलेले ॲक्रिलिक उन्हाने सहसा विटत नाही आणि स्वतः कुजतही नाही, परंतु त्यावर बसलेल्या धुळीवर ओलीत बुरशी धरतेच. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा धुणे पुरते. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने आधी गंजतात ते बोल्ट; तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागून घ्यावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

सोसायटीची लेखी संमती हा कागद अनेकांना बिनमहत्त्वाचा वाटतो. ऑनिंग मिटती असली, तरी ती इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला छेद देऊन बसते, आणि ती भिंत एका सभासदाची नसते. सामाईक गच्चीवर तर एकट्याच्या खर्चाने बसवलेल्या ऑनिंगचा हक्क कोणालाच सांगता येत नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत पाण्याची धार जाते का, त्यांचा उजेड अडतो का, हे आधीच पाहिले म्हणजे पुढची भांडणे टळतात.

उरला प्रश्न कबुतरांचा. मुंबई-पुण्यात उघड्या रुळावरच्या कापडाच्या वळकटीत घरटे व्हायला आठवडाही पुरतो आणि अंडी दिसल्यावर ऑनिंग उघडायला कोणाचा हात होत नाही. मिटल्यावर कापड, हात आणि रूळ सारे ज्यात बंद होते अशी पूर्ण पेटीची ऑनिंग थोडी महाग पडते, पण कबुतरे, धूळ आणि दिवाळीतले भरकटलेले रॉकेट या तिन्हींपासून कापड वाचते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती मिटलेली आहे ना, एवढे मात्र पणत्या लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.