हळद शिजते तिथे भरलेली कार्यशाळा

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी, 2022-23च्या राज्य अर्थसंकल्पात हिंगोली जिल्ह्यातल्या हळद संशोधन केंद्रासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा झाली होती आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतच्या वाट्याला आलं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून हिंगोलीसाठी निवडली गेली तीही हळदच. जानेवारी 2025मध्ये शेजारच्या तेलंगणात, निजामाबादला, राष्ट्रीय हळद मंडळाचं काम सुरू झालं. एवढं सगळं एका पिकाभोवती उभं राहत असताना येत्या काही वर्षांत वसमत तालुक्यात प्रशिक्षणं आणि कार्यशाळा यांची कमतरता पडणार नाही. नवे प्रयोग, प्रक्रिया उद्योग, शाश्वत शेती असे विषय त्यांच्या पत्रिकांवर असतील. प्रश्न आहे तो या कार्यशाळा आखायच्या कशा, हा. माझं म्हणणं असं, की हळदीची कार्यशाळा हळदीच्या कामाच्या क्रमानं, त्या कामाच्या जागी आणि त्या हंगामाच्या वेळी भरली पाहिजे. आणि प्रत्येक बैठक उठण्यापूर्वी हजर माणसांनी काहीतरी करून बघायचं नक्की केलेलं असलं पाहिजे. या दोन अटी पाळल्या नाहीत, तर वक्ता कितीही जाणकार असला तरी पुढच्या हंगामात शेतात फारसं काही बदलत नाही.

दुसऱ्या अटीचा पुरावा शेतीच्या बाहेरचा आहे, पण तो इतका बोलका आहे की आधी तोच सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. जनावराचं हृदय, मूत्रपिंड असे लोक सहसा न खाणारे भाग घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी गृहिणींचे काही गट केले. निम्म्या गटांना चांगलं तयार केलेलं व्याख्यान दिलं: पोषण, देशाची गरज, पाककृती, सगळं काही. उरलेल्या गटांत तीच माहिती चर्चेतून पुढे आली, घरच्यांची नापसंती आणि शिजताना येणारा वास यांसारख्या अडचणी बायकांनीच मांडल्या, आणि शेवटी पुढच्या आठवड्यात हे कोण करून बघणार, असं विचारून हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी तो पदार्थ केला होता. चर्चा करून ठरवलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. माहिती दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो अडचण बोलून दाखवायला मिळाल्यानं आणि चारचौघांत ‘मी करते’ म्हटल्यानं.

शेतीत हीच वाट इंडोनेशियानं 1989 साली धरली. तिथल्या भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता, आणि फवारण्या वाढवल्या तसे ते वाढतच गेले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकीटक औषधानं आधी मरत होते. 1986 साली सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीनं शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, एक शेत, आणि लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एक बैठक. शेतकरी बांधावरून आत उतरत, कीड आणि मित्रकीटक मोजत, पाहिलेलं कागदावर चितारत आणि फवारायचं की थांबायचं ते आपसांत ठरवत. आपल्याकडे कृषी खात्याची शेतीशाळा याच कुळातली. मराठवाडा-विदर्भात 2018पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, हिंगोली जिल्हाही होता आणि शेतीशाळा हा त्या प्रकल्पाचा एक मुख्य भाग होता. आणि हा विचार आपल्या मातीला अगदीच परका नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी 1883 सालीच सरकारला सुचवलं होतं, की दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवावीत, पिकांच्या आणि औतं हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. हाताच्या कामाची परीक्षा हाताच्या कामातूनच घ्यायची, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शेतीशाळांचा उपयोग होतो का, यावर जगभर बरंच मोजमाप झालेलं आहे आणि ते सरसकट सुखावणारं नाही. 2014 साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. शेतीशाळेत बसलेल्यांचं उत्पादन साधारण 13 टक्क्यांनी आणि निव्वळ उत्पन्न 19 टक्क्यांच्या आसपास वाढलं, कीटकनाशकांचा वापरही घटला. पण हे यश मुख्यतः लहान, नेटक्या प्रकल्पांतलं होतं. कार्यक्रम देशभर पसरवला की पातळ झाला. शिवाय शाळेत बसलेल्या शेतकऱ्याकडून शेजाऱ्यापर्यंत हे ज्ञान आपोआप पोचतं, याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. खुद्द इंडोनेशियातल्या 2004च्या एका अभ्यासातही मोठ्या प्रमाणावर ठळक परिणाम दिसला नव्हता. या आकड्यांवरून कुणी म्हणेल, की मग एवढा खटाटोप कशाला, एक व्हिडिओ करून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवून द्या. मला यातून उलट निष्कर्ष निघतो. एका गोष्टीची माहिती द्यायची असेल, म्हणजे बेणेप्रक्रियेचं प्रमाण किंवा बाजारभाव, तर मोबाईल पुरेसा आहे आणि तिथे माणसं गोळा करून त्यांचा दिवस घेऊ नये. जिथे हात, नाक, डोळे लावून निर्णय घ्यावा लागतो त्याच कामासाठी कार्यशाळा ठेवावी, आणि मग ती पातळ होऊ देऊ नये.

हळदीत असं काम म्हणजे शिजवणी आणि वाळवणी. पीक आठ-नऊ महिने जमिनीत असतं आणि त्याच्या भावाचं बरंचसं काढणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम वीस-पंचवीस किलो होते. काढल्यावर दोन-तीन दिवसांत ती शिजवावी लागते. कढईत पाला झाकून शिजवली तर तास-दोन तास सहज जातात आणि सरपण ढीगभर लागतं. वाफेच्या बॉयलरमध्ये तेच काम काही मिनिटांत, कमी पाण्यात आणि थोड्या इंधनात होतं. कच्ची राहिली तर आतून रंग एकसारखा येत नाही, जास्त शिजली तर रंग उतरतो. गड्डे आणि हळकुंडं एकत्र टाकली तर हळकुंडं गळून जाईपर्यंत गड्डा कच्चाच असतो. शिजली की नाही ते जाणती माणसं अंगठ्यानं दाबून, काडी टोचून आणि वाफेच्या वासावरून ओळखतात. हे पडद्यावरच्या चित्रातून शिकवता येत नाही.

म्हणून शिजवणीची कार्यशाळा जानेवारी-फेब्रुवारीत, चालू बॉयलरशेजारी भरावी. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी काढलेल्या हळदीचे चार वाटे करावेत. एक वाटा गड्डे-हळकुंडं न निवडता शिजवावा, बाकीचे तीन निवडून. निवडलेल्यांपैकी एक मुद्दाम लवकर काढावा, एक वेळेवर, एक जरा उशिरा. प्रत्येकातलं हळकुंड मोडून आतला रंग सगळ्यांनी बघावा, काडी टोचून बघावी, कुठला वाटा कुठला हे ओळखता येतं का ते आपसांत ताडून पाहावं. मग प्रत्येक वाट्याचे दोन भाग करून एक उघड्या मातीवर आणि एक ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पसरावा. इथे बैठक संपत नाही. वाळवणीला दहा-पंधरा दिवस लागतात, तेव्हा त्याच माणसांनी पंधरवड्यानं पुन्हा जमावं, वजन करावं, हळकुंड कडकन मोडतं का ते ऐकावं, पॉलिश करून रंग शेजारी शेजारी ठेवून पाहावा. सरपण किती जळलं, पाणी किती लागलं, मजुरी किती गेली, हेही त्याच वहीत उतरावं. शाश्वत शेती हा शब्द पत्रिकेवर वेगळा छापावा लागणार नाही. लाकूड, पाणी आणि माती यांचा हिशेब त्या वहीच्या पानावर समोरच असेल.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप शिकवण्याच्या पद्धतीबद्दल नाहीच. शेतकरी विचारेल, चांगली हळद करूनही भाव तोच मिळणार असेल तर मी शिकू कशाला? हा प्रश्न टाळून हळदीच्या व्यवसायाबद्दल बोलताच येणार नाही. साधा हिशेब घ्या. 100 किलो हळदीत 10 टक्के ओलावा असेल तर आत 90 किलो कोरडा माल आहे. तीच हळद 14 टक्के ओलाव्यावर विकली तर वजन जवळजवळ 104.7 किलो भरतं. क्विंटलला 15 हजार भाव धरला आणि दोन्हींना तोच दर लागला, तर नीट वाळवणाऱ्याचं सुमारे 700 रुपयांचं नुकसान होतं. त्याच्या मालाला साठवणुकीत बुरशी कमी लागेल, रंग टिकेल, पण त्याचा फायदा पुढच्या माणसाला. ज्या बाजारात चांगलं काम करणाऱ्याला असा भुर्दंड बसतो तिथे नुसतं शेतकऱ्याला शिकवणं अन्यायाचं आहे.

यावरून कार्यशाळेत कोण बसावं हे ठरतं. अडत्या, खरेदीदार, बाजार समितीचा माणूस, बॉयलरवाला आणि शेतकरी एका जमिनीवर बसले पाहिजेत. पाणलोटाच्या कामात गावाचा नकाशा रांगोळीनं जमिनीवर काढायची पद्धत आहे. तसाच बेण्यापासून लिलावापर्यंतचा मालाचा प्रवास काढावा आणि प्रत्येक टप्प्यावर वजन किती घटलं, पैसा किती गेला, जोखीम कुणाच्या अंगावर, हे ज्यानं त्यानं आपल्या हातानं मांडावं. ओलावामापक यंत्र मधे ठेवून सगळ्यांसमोर तीन ढीग मोजावेत. 10 टक्क्यांच्या मालाला आम्ही किती जास्त देऊ, हे एखाद्या खरेदीदारानं तिथे सगळ्यांसमोर सांगितलं, तर लेविनच्या गृहिणींनी हात वर करण्यासारखंच ते होईल. सगळे खरेदीदार कबूल होणार नाहीत. एक-दोन झाले तरी शेतकरी उत्पादक कंपनीला माल प्रतवारी करून एकत्र आणायला कारण मिळतं. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. नोंदणी दहा वर्षांसाठी असते, पण तिचा उपयोग अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेल्यांनाच होतो. म्हणून एका बैठकीत नुसतं महत्त्व सांगण्यापेक्षा अर्ज भरूनच उठावं.

बांगलादेशातलं उदाहरण इथे लक्षात ठेवावं. तिथे हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून शिशाचं क्रोमेट चोळलं जात होतं आणि ते शिसं गरोदर बायकांच्या रक्तापर्यंत पोचत होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातल्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2019 साली हे उघड केलं. त्यानंतर बाजारात व्यापाऱ्यांना सूचना गेल्या, वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, जागच्या जागी शिसं दाखवणारी यंत्रं घेऊन तपासणी झाली, दंड झाले. 2019 साली तपासलेल्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत भेसळ होती. 2021मध्ये ती शून्यावर आली. समजावणं, सगळ्यांसमोर मोजणं आणि बाजाराचा नियम हे तिन्ही एकत्र आल्यावर दोन वर्षांत एवढं घडलं. यातली पहिली दोन कामं कार्यशाळा करू शकते. तिसरं ती करू शकत नाही, आणि आयोजकांनी तसा आव आणू नये.

आणखी एक चूक नियोजनात सर्रास होते. निमंत्रण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातं. पण पाला कापणं, कंद वेचणं, गड्डे-हळकुंडं निवडणं ही कामं बहुतेक बायकांच्या हातून होतात, आणि वर सांगितलेल्या चार वाट्यांपैकी एकाचा निकाल त्या निवडीवरच ठरतो. मजुरीवर जाणाऱ्या बाईला दिवसभर बसवायचं तर तिचा रोज बुडतो. तो रोज कार्यशाळेच्या खर्चात धरला पाहिजे. शाल-श्रीफळ आणि मंडपाचा खर्च कमी केला तर तो सहज निघतो. बचत गटांच्या बायकांना हळद पूड करून विकायची असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळतं. त्याची बैठक वेगळी ठेवावी आणि तिथे चक्कीचा खर्च, विजेचं बिल, पाकिटाचा दर घालून हिशेब त्यांनाच मांडू द्यावा, कारण अनुदान मिळूनही हिशेब जुळत नसेल तर तो उद्योग सुरू न करण्याचा निर्णयही त्यांनीच घ्यायचा आहे.

एवढं करायला माणसं कुठून आणायची, हा रास्त प्रश्न आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गावाला असा हंगामभराचा कार्यक्रम देता येणार नाही, आणि शेतीशाळांचा अनुभव सांगतो की तसा प्रयत्नच करू नये. हरिद्रा केंद्र, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कळमनुरी तालुक्यातलं तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून पहिल्या वर्षी मोजकीच गावं घ्यावीत. पहिली बैठक मे महिन्यात बेणं निवडताना, दुसरी पावसाळ्यात कंदकूज आणि कंदमाशी शेतात ओळखताना, तिसरी बॉयलरपाशी, चौथी वाळवणीवर, पाचवी लिलावाच्या दिवशी बाजार समितीत. शेजाऱ्याकडे ज्ञान आपोआप जात नसेल, तर दुसऱ्या वर्षीच्या गावांमधली प्रात्यक्षिकं पहिल्या वर्षीच्या शेतकऱ्यांनी मानधन घेऊन करून दाखवावीत, तज्ज्ञानं बाजूला उभं राहावं. अहवालात हजेरीचा आकडा आणि फोटो असतातच. त्यांच्या जोडीला पुढच्या हंगामात किती जणांनी हळद निवडून शिजवली, किती जणांनी ताडपत्रीवर वाळवली, क्विंटलमागे किती सरपण वाचलं आणि ओलावा मोजून किती माल विकला गेला, हे चार रकाने असावेत. ते भरायला एक वर्ष थांबावं लागेल, म्हणून निधीचा शेवटचा हप्ता त्या नोंदी आल्यावरच द्यावा.