जबलपूरची काळी जमीन : एका मृदेचा परिचय

श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला पूर्वी एक विलक्षण दृश्य दिसत असे. नर्मदेच्या खोऱ्यातील सपाट काळी शेते पाण्याने भरलेली असत. परंतु त्यांत भात नसे, किंबहुना कोणतेच पीक नसे. शेताच्या चारही बाजूंनी सुमारे मीटरभर उंचीचे मातीचे बांध घालून पावसाचे पाणी जागच्या जागी कोंडून ठेवलेले असे. पावसाळा सरत आला की बांध फोडून हे पाणी सोडून देत आणि जमीन वाफशावर येताच तीत गहू किंवा हरभरा पेरीत. पुढे त्या पिकाला पाणी देण्याची गरज सहसा पडत नसे. या पद्धतीला तिकडे ‘हवेली’ म्हणतात. (पुण्याजवळच्या हवेली तालुक्याशी तिचा काही संबंध नाही.)

ऐन पावसाळ्यात उत्तम जमीन पाण्याखाली पडीक ठेवणारा शेतकरी आळशी असला पाहिजे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तसे मानणे चूक ठरले असते. हवेलीचे मर्म कळण्यासाठी आधी ती जमीन कळावयास हवी. आणि एखादी जमीन ‘कळणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

जमिनींना नावे ठेवण्याचे काम शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी केले आहे. जुन्या मध्य प्रांतातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी सारा ठरविताना गावकऱ्यांचीच नावे उचलली. काबर म्हणजे अत्यंत चिकट व काळीभोर, मुंड म्हणजे तिच्याहून किंचित हलकी, कछार म्हणजे नदीकाठची गाळाची. या नावांत रंग आणि पोत तर होताच, पण जमीन कोठे आहे व तीत काय पिकते, हेही गृहीत धरलेले होते. १८९८ मध्ये लेदर या रसायनशास्त्रज्ञाने भारतातील जमिनींचे गाळाची, काळी, तांबडी व जांभ्याची असे चार मोठे वर्ग केले. हे वर्गीकरण शाळेच्या पुस्तकांतून आजही शिकविले जाते. त्याने सोय झाली हे खरे. परंतु जबलपूरची, नागपूरची आणि अकोल्याची काळी जमीन एकाच कप्प्यात गेली, आणि त्याचे दुष्परिणाम पुढे दिसून आले.

केवळ रंगावरून किती फसगत होते याचे याहून मोठे उदाहरण रशियाचे आहे. डोकुचायेव्ह या संशोधकाने १८८३ मध्ये रशियातील ‘चेर्नोझेम’ या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि मृदा ही खडकाचा नुसता चुरा नसून हवामान, वनस्पती, उंचसखलपणा, मूळ खडक व काळ यांच्या संयोगातून घडलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, हा विचार रुजविला. चेर्नोझेमचा काळेपणा गवताच्या मुळांपासून साठलेल्या विपुल सेंद्रिय द्रव्याचा आहे. आपली काळी जमीनही तितकीच काळी दिसते. पण जबलपूरच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब जेमतेम अर्धा टक्का भरतो! अल्पसे सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या कणांशी घट्ट एकजीव झाल्याने तो रंग येतो. दोन्ही जमिनी काळ्या असल्या, तरी त्यांचे गुणधर्म सर्वस्वी भिन्न आहेत.

तेव्हा जमीन ओळखण्यासाठी खड्डा खणावा लागतो. मृदा सर्वेक्षणात एका नमुनेदार जागी दीड-दोन मीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या उभ्या भिंतीवरील थरांचे निरीक्षण करतात. जबलपूरच्या परिसरातील अशा जमिनीला ‘खेरी’ मालिका असे नाव आहे, आणि देशातील प्रमाणभूत मृदांमध्ये तिची गणना होते. तिच्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत रंगात फारसा फरक आढळत नाही. वरची माती उन्हाळ्यात भेगाळलेली व कडक असते. साधारण अर्ध्या मीटरखाली मात्र एक वैशिष्ट्य दिसू लागते. ढेकळे पाचरीच्या आकाराची होतात आणि त्यांच्या तिरप्या बाजू चकचकीत, जणू घोटून काढलेल्या असतात. पाणी मिळताच फुगणाऱ्या मातीला बाजूला सरकण्यास जागा नसते. तेव्हा मातीचा एक लगदा दुसऱ्यावर घासत तिरपा वर चढतो, त्याच्या या खुणा आहेत. भेगा, पाचरी आणि घासलेली पृष्ठे या लक्षणांवरून अशा जमिनींना ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. लॅटिनमधील ‘उलटणे’ या क्रियापदावरून ते नाव आले. भेगांत वरची माती पडून जमीन आपोआप उलथीपालथी होते, अशी ते ठेवताना समजूत होती. पुढील संशोधनात ही उलथापालथ मानली होती तितकी पूर्ण नसल्याचे आढळले. नाव मात्र कायम राहिले.

खड्ड्यातील प्रत्येक थराचा नमुना प्रयोगशाळेत जातो. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना जबलपूर येथे १९६४ मध्ये झाली. तेथील प्रक्षेत्रावर १९७२ पासून खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालत आला आहे. त्याच्या आरंभी जमिनीची जी तपासणी झाली, तिचे आकडे उपलब्ध आहेत. चिकण कणांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के, सामू ७.६, सेंद्रिय कर्ब ०.५७ टक्के, हेक्टरी उपलब्ध नत्र १९३ किलो, स्फुरद अवघे ७.६ किलो आणि पालाश ३७० किलो. म्हणजे पालाश भरपूर, नत्र कमी, स्फुरदाची तर टंचाईच. खत किती घालावे हे ठरविण्यास हे आकडे पुरेसे आहेत. परंतु जमीन कशी वागेल, हे त्यांपैकी कोणताच आकडा सांगत नाही.

ते काही अंशी क्ष-किरणांवरून समजते. चिकण कण वेगळे काढून ग्लायकॉलच्या वाफेत ठेवले आणि त्यांवर क्ष-किरण सोडले, की त्यांतील पापुद्र्यांमधील अंतर वाढून सुमारे १७ अँगस्ट्रॉम झाल्याचे दिसते. ही स्मेक्टाइट खनिजाची खूण होय. हे खनिज पाणी आपल्या पापुद्र्यांच्या आत घेते. त्याच्या एका ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ कित्येकशे चौरस मीटर भरते. कुंभाराच्या पांढऱ्या मातीतील केओलिनाइटचे त्याच्या काही शतांश. म्हणूनच ही जमीन प्रचंड पाणी धरून ठेवते, आणि म्हणूनच एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी खाली जाऊ देत नाही. ज्येष्ठात पहिला पाऊस भेगांतून धो-धो आत जातो. आषाढअखेर तीच जमीन एखाद्या घोटीव हौदासारखी होते. आता तीत नांगर चालत नाही, माणसाचा पायही ठरत नाही.

येथे हवामानाचा हिशेब आवश्यक ठरतो. जबलपूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे १३५० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा नऊ-दशांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. मृदाशास्त्रज्ञ पावसाच्या आकड्यांवर थांबत नाहीत. मुळांच्या कक्षेतील माती वर्षातून किती दिवस ओली व किती दिवस कोरडी असते, याचा ताळेबंद ते मांडतात. वर्षातून एकंदर नव्वद किंवा अधिक दिवस कोरडी, तरीही सलग नव्वद दिवस तरी ओली, अशा जमिनीच्या नावात ‘उस्ट’ हा अंश घालतात. मृदेचे वार्षिक सरासरी तापमान २२ अंश सेल्सियसहून अधिक असून उन्हाळा-हिवाळ्यात स्पष्ट फरक असल्यास ‘हायपरथर्मिक’ हे विशेषण जोडतात. अशा रीतीने खेरी मालिकेचे पूर्ण नाव तयार होते : फाइन, स्मेक्टिटिक, हायपरथर्मिक, टिपिक हॅप्लुस्टर्ट. उच्चारण्यास ते अवघड असले, तरी निरर्थक नाही. पहिला शब्द कणांच्या मोजणीतून, दुसरा क्ष-किरणांतून, तिसरा तापमापकातून आणि ‘उस्ट’ पर्जन्यमापकातून आला आहे.

मात्र या लांबलचक नावात एक गोष्ट नाही, आणि ती म्हणजे जमिनीची जागा. ती डोंगरउतारावर आहे की सखल भागात, वरून पाणी कोठून येते व पुढे कोठे जाते, हे नावात दिसत नाही. त्यासाठी नकाशा व प्रत्यक्ष पाहणी लागते. जबलपूरला हे विशेष जाणवते. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, भेडाघाटचे कडे संगमरवराचे, आणि ग्रॅनाइटवरची माती भुरकट व उथळ. खोल काळी जमीन लागते ती खाली, नर्मदेच्या खोऱ्याच्या जवळजवळ सपाट तळावर. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा गाळ तेथे साठला आहे, आणि पाणी वाहून जाण्यास उतारच नाही. हवेली शक्य झाली ती येथेच. उतारावर बांध घातला तर पाणी एका कोपऱ्यात तुंबेल व बांध फुटेल. सपाट शेतात ते सर्वत्र सारखे उभे राहते, सावकाश मुरते आणि तण कुजून मरते. पावसाळ्यात जमिनीवर काम करता येत नाही, मग निदान तिच्या पोटात हिवाळ्यापुरते पाणी भरून घ्यावे, असा तो हिशेब होता. प्रयोगशाळा नसताना मांडलेला हा हिशेब बरोबर होता, हे मान्य करावयास हवे.

आता महाराष्ट्रीय वाचकाच्या परिचयाच्या प्रदेशाकडे वळू. जबलपूरहून नैर्ऋत्येला नागपूर, आणि तेथून पश्चिमेस अकोला. या वाटेवर पाऊस १४०० वरून नागपूरला हजार-अकराशे आणि अकोल्याला आठशे मिलिमीटरच्या आसपास येतो. जमीन काळीच राहते. चिकण कण निम्म्याहून अधिक, खनिजही स्मेक्टाइटच. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था १९७६ मध्ये नागपूर येथे स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी या पट्ट्यातील खड्डे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा पाऊस कमी होत जातो तसतसे जमिनीच्या अंतरंगात काय बदलते हे स्पष्ट झाले. कोरड्या हवेत मातीतील पाण्यामधला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडून साचतो. द्रावणात मागे सोडियम उरतो आणि तो चिकण कणांना चिकटतो. सामू आठच्या पुढे जातो, कण विखुरतात, छिद्रे बुजतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे त्याचे ठळक रूप. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण मानावी, अशी आंतरराष्ट्रीय प्रथा. परंतु येथील जमिनींत ते ५ टक्क्यांच्या आसपास जाताच निचरा बिघडू लागतो, असे या अभ्यासात आढळले. शिवाय त्याच खोऱ्यात किंचित उंचवट्यावरची जमीन चोपण आणि लगतच्या सखल जागेतील चांगली, असेही दिसले. कारण उंचवट्यावर पावसाचे पाणी मुरत नाही, ते वाहून खाली जाते. ही उंचसखलता इतकी अल्प असते की नकाशावर ती येतच नाही.

‘काळी जमीन’ हे एकच नाव पुढे करून दिलेला सल्ला म्हणूनच घातक ठरू शकतो. जबलपूरच्या शेतकऱ्यापुढील प्रश्न अतिरिक्त पाण्याचा, तर अकोल्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न जमिनीत न शिरणाऱ्या पाण्याचा. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर ओलीत करणारा शेतकरी चार-दोन हंगामांचे पीक मिळवील, पण जमीन गमावून बसेल.

जबलपूरकडे मात्र निराळाच पालट झाला. विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर काम केले, आणि १९७० नंतरच्या दशकांत हे पावसाळी पीक मध्य प्रदेशात झपाट्याने पसरले. जेथे पाणी कोंडले जाई तेथे शेतकरी आता पाणी बाहेर काढू लागले. हवेलीचे क्षेत्र आक्रसले. एका पिकाऐवजी दोन पिके हाती आली, हा लाभ लहान नव्हे. तथापि सोयाबीनच्या मुळांना तुंबलेले पाणी सोसत नाही आणि जमिनीचा स्वभाव तर पूर्वीचाच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने अशा खोल काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत विकसित केली. तीत सुमारे दीड मीटर रुंदीचा पट्टा, त्याच्या वरच्या भागावर पीक आणि दोहो बाजूंच्या सऱ्यांतून जादा पाण्याला वाट, अशी रचना असते. भरवशाच्या पावसाच्या प्रदेशात ती उपयोगी पडते. सऱ्यांना किती उतार द्यावा व त्यांचे पाणी कोठे सोडावे, हे मात्र प्रत्येक शेतात उभे राहूनच ठरवावे लागते. आणि खेरीसारख्या सपाट जमिनीवर तो उतार शोधणे हेच सर्वांत कठीण काम होऊन बसते.